तेलगळती झाली तर ‘सरकार’ म्हणजे नक्की कोण?

मी चिंचवडला राहतो. घाट उतरून समुद्रापर्यंत पोचायला इथून चांगले दोन-अडीच तास लागतात. तरीही लोकसभेला मी ज्या मतदारसंघात मत देतो, त्यात समुद्र आहे. मावळ मतदारसंघात घाटावरची तीन विधानसभा क्षेत्रं येतात, मावळ, पिंपरी आणि चिंचवड. आणि घाटाखालची तीन, कर्जत, पनवेल आणि उरण. आकुर्डीच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार आणि उरणच्या मोरा बंदरात जाळं विणणारा नाखवा, दोघांचा खासदार एकच. त्याच उरणला ओएनजीसीचा प्रकल्प आहे. बॉम्बे हायचं तेल समुद्राखालच्या नळांतून तिथे येतं. शेजारी न्हावा-शेवा बंदर. आणि आपण पुणेकर गाड्यांत जे पेट्रोल भरतो, त्यातलं बरंचसं मुंबईहून नळानेच घाट चढून लोणी काळभोरच्या डेपोत येतं. तेव्हा समुद्रातलं तेल हा विषय आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही.

२५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे लायबेरियाचा झेंडा लावलेलं जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते, त्यांपैकी १३ घातक मालाचे. टाक्यांत ८४ टन डिझेल आणि ३६७ टन फर्नेस ऑइल होतं. त्या दिवसांत आमच्या सोसायटीतल्या, राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, “काका, बातमीत सगळीकडे ‘सरकारने पावलं उचलली’ असंच लिहितात. यातलं सरकार कोणतं?” मी दोन मिनिटांत सांगतो म्हणालो आणि अडकलो. तिला नंतर सावकाश जे सांगितलं, ते इथे लिहितो आहे.

समुद्राच्या हद्दी

समुद्राला सातबारा नसतो, पण हद्दी असतात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हा भारताचा प्रादेशिक समुद्र. तिथून पुढे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे किनाऱ्यापासून सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, अनन्य आर्थिक क्षेत्र. तिथलं तेल आणि मासे यांवर हक्क भारताचा, पण परक्या जहाजांना ये-जा करायला मोकळीक. हे सगळं १९७६ च्या कायद्याने आखलं आहे. समुद्राच्या तळाखालची मौल्यवान संपत्ती केंद्राची, असं राज्यघटनेचं कलम २९७ सांगतं. सातव्या अनुसूचीत सागरी जहाजवाहतूक, मोठी बंदरं आणि खनिज तेल हे विषय केंद्राच्या यादीत आहेत. मासेमारी राज्याच्या यादीत आहे, पण प्रादेशिक समुद्राबाहेरची पुन्हा केंद्राकडे. छोटी बंदरं दोघांच्या सामाईक यादीत.

आता कल्पना करा, की किनाऱ्यापासून १५ सागरी मैलांवर एका जहाजाची टाकी फुटली. सकाळी तवंग खोल समुद्रात आहे, तेव्हा काम तटरक्षक दलाचं. तवंग बंदराच्या हद्दीत शिरला की बंदर प्राधिकरणाचं. भरतीबरोबर खाडीत घुसला की राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं, आणि तिवरांना लागला की वन खात्याचा कांदळवन कक्ष. संध्याकाळी वाळूवर आला की जिल्हाधिकारी, आणि प्रत्यक्ष खोरी-घमेली घेऊन उभे राहायचे नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे कामगार. तेल तेच, एका दिवसात पाच कार्यालयं बदलली. ‘सरकार कोणतं?’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर म्हणजे, तेल या क्षणी कुठे आहे त्यावर ते अवलंबून आहे.

या पाच जणांनी एकमेकांकडे बोट दाखवू नये म्हणून १९९६ पासून देशात राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखडा आहे. त्यात समन्वयाची मुख्य जबाबदारी तटरक्षक दलाची. ढोबळ विभागणी अशी, की ७०० टनांपर्यंतची गळती बंदराने किंवा तेल कंपनीने आपल्या साधनांनी आवरायची. ७०० ते १०,००० टनांची तटरक्षक दलाने. त्याहून मोठी असेल तर परदेशांची मदत मागायची. मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर आणि गुजरातमधलं वाडिनार इथे दलाची प्रदूषणाशी लढणारी खास पथकं आहेत.

कागदावर ही रचना चांगली आहे. अडचण कुठे येते, ते तारखा पाहिल्या की दिसतं. मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली ७ ऑगस्ट २०१० रोजी. ‘पावित’ हे सोडून दिलेलं जहाज वाहत येऊन जुहूच्या वाळूत रुतलं ३१ जुलै २०११ ला. ‘रॅक कॅरियर’ मुंबईसमोर बुडालं ४ ऑगस्ट २०११ ला. एल्सा बुडालं त्याच्या आदल्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोचला होता. म्हणजे आपल्याकडचे हे अपघात ऐन पावसाळी समुद्रात झाले. तेल अडवायला पाण्यावर जे तरंगते बांध टाकतात, ज्यांना बूम म्हणतात, ते उंच लाटांत टिकत नाहीत; तेल त्यांच्यावरून आणि खालून निसटतं. लाटा तेलाला ताकासारखं घुसळतात, त्यात पाणी शिरतं, आणि मूळ तेलाच्या तीन-चार पट आकाराचा तपकिरी चिखल तयार होतो. हा चिखल तिवरांच्या श्वासमुळांवर बसला की झाड आतून गुदमरतं. म्हणून पहिले काही तास फार महत्त्वाचे, आणि नेमक्या त्याच तासांत ‘हद्द कोणाची’ या चर्चेत वेळ जाऊ शकतो.

चित्राच्या वेळी सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं असं सांगितलं जातं, शिवाय कंटेनरही पडले. त्या वर्षी नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. म्हणजे पावसाळी बंदी संपून होड्या सजवून समुद्रात न्यायच्या, वर्षाचा पहिला पैसा हातात यायचा, त्याच्या अडीच आठवडे आधी हे झालं. मासा तेलाने मेला नाही तरी बाजार मरतो. गिऱ्हाईक पापलेट हातात घेऊन वास घेतं आणि खाली ठेवतं. हा तोटा कोणत्याही प्रयोगशाळेत मोजता येत नाही, आणि भरपाईचा खरा कज्जा इथूनच सुरू होतो.

पैसे कोण भरतं

१८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅन्यन’ नावाचं अजस्र तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आपटलं. पोटात सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चं तेल. जहाजावर झेंडा लायबेरियाचा, मालकी एका कागदी कंपनीची, जहाज भाड्याने घेतलेलं बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने. ब्रिटिश सरकारने शेवटी स्वतःच्या हवाई दलाकडून त्या जहाजावर बॉम्ब टाकवले, तेल जाळून टाकता यावं म्हणून. मग वसुली कोणाकडून करायची? मालक कंपनीकडे आणखी दोन जहाजं होती. त्यांपैकी एक ‘लेक पालूर्ड’ सिंगापूरला येताच ब्रिटिशांनी त्याच्या डोलकाठीवर न्यायालयाची नोटीस चिकटवली आणि ते अडकवून ठेवलं. त्यातून तडजोड झाली ३० लाख पौंडांची, ब्रिटन आणि फ्रान्स मिळून.

या एका अपघाताने जगाचे कायदे बदलले. १९६९ चा दिवाणी दायित्वाचा करार त्यातूनच आला. त्याची १९९२ ची सुधारित आवृत्ती आज भारताला लागू आहे. तिचं सार असं: तेलवाहू जहाजातून मालाचं तेल सांडलं तर चूक कोणाची हे आधी सिद्ध करावं लागत नाही, जहाजमालक जबाबदारच. युद्ध किंवा असाधारण नैसर्गिक आपत्ती असे मोजके अपवाद. २,००० टनांहून अधिक तेल वाहणाऱ्या जहाजाला विमा सक्तीचा. पण बदल्यात मालकाला एक सवलत मिळते: त्याच्या देण्याला जहाजाच्या आकारानुसार कमाल मर्यादा. मोठ्यात मोठ्या जहाजाला सुमारे ९ कोटी एसडीआर. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. एकाची किंमत साधारण सव्वाशे रुपयांच्या आसपास धरा.

नुकसान त्याहून मोठं असेल तर दुसरा थर येतो, आंतरराष्ट्रीय निधी. वर्षाला दीड लाख टनांहून जास्त तेल समुद्रमार्गे घेणाऱ्या कंपन्या यात वर्गणी भरतात. दोन्ही थर मिळून एका अपघातासाठी २०.३ कोटी एसडीआर, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांहून अधिक. आपल्या देशातल्या तेल कंपन्या या निधीच्या मोठ्या वर्गणीदारांपैकी आहेत. म्हणजे नकळत का होईना, आपण पेट्रोल भरणारे सगळेच यात पैसे घालतो.

इथे एक मोठी मेख आहे, आणि बहुतेक बातम्यांत ती येतच नाही. ही दोन थरांची व्यवस्था फक्त तेल ‘माल’ म्हणून नेणाऱ्या जहाजांसाठी आहे. चित्रा, रॅक, एल्सा यांतलं एकही तेलवाहू जहाज नव्हतं. त्यांच्यातून सांडलं किंवा सांडण्याची भीती होती ते त्यांच्या स्वतःच्या इंजिनाचं इंधन. अशा जहाजांसाठी वेगळा करार आहे, त्यात दुसरा थर नाही. मर्यादा जहाजाच्या आकारावर ठरते आणि तिथेच संपते. २०२० मध्ये मॉरिशसजवळ ‘वाकाशियो’ हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढलं, सुमारे १,००० टन इंधन बाहेर आलं, आणि तिथल्या लोकांनी उसाचं पाचट कापडी नळ्यांत भरून स्वतःच बांध शिवले. त्या बेटावरच्या कोळ्यांना दुसऱ्या थराचं दार उघडंच नव्हतं. किनाऱ्यावरच्या माणसाला काळ्या चिखलात फरक दिसत नाही. पण ते तेल टाकीतलं होतं की मालातलं, यावर त्याची भरपाई ठरते. मला ही विभागणी अन्यायाची वाटते.

एल्साच्या प्रकरणात केरळने ही मर्यादा मुकाट्याने मान्य केली नाही. राज्याने त्या घटनेला राज्याची विशेष आपत्ती जाहीर केलं आणि केरळ उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांचा दावा लावला. २०१७ च्या सागरी दाव्यांच्या कायद्यानुसार किनारी राज्यांतली उच्च न्यायालयं देण्यापोटी जहाज अडकवू शकतात, आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयही. केरळने एल्साच्याच एमएससी समूहाचं ‘अकिटेटा २’ हे दुसरं जहाज विळिंजम बंदरात अडकवलं. डोलकाठीवर नोटीस चिकटवण्याची ५८ वर्षांपूर्वीचीच युक्ती. अपघात १२ सागरी मैलांच्या बाहेरचा, तेव्हा राज्याला दावा लावायचा अधिकारच नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. सुरुवातीला सांगितलेल्या हद्दी किती महाग पडू शकतात ते इथे कळतं. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने तारणाची रक्कम १,२२७.६२ कोटी ठरवली. तारण म्हणजे निकाल नव्हे, पण जहाज निघून गेलं तरी वसुलीला काहीतरी मागे राहतं.

नळातून किंवा जमिनीवरच्या प्रकल्पातून तेल गळलं तर हे करार लागूच होत नाहीत. तिथे आपला देशी कायदा येतो, आणि तो तत्त्वाने जास्त कडक आहे. दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये ‘निरपवाद दायित्वा’चं तत्त्व घालून दिलं: धोकादायक धंदा करणाऱ्याने कितीही काळजी घेतलेली असो, नुकसान झालं की भरपाई द्यायचीच, आणि कंपनी जितकी मोठी आणि सधन तितकी भरपाई मोठी. पुढे १९९६ मध्ये ‘प्रदूषण करेल तो भरेल’ हे तत्त्वही आपल्या कायद्याचा भाग झालं. मात्र उलट दिशेचं एक पाऊलही सांगायला हवं. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली तुरुंगाची शिक्षा बहुतांशी काढली आणि तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. लहान उद्योजकाला किरकोळ चुकीसाठी तुरुंग नको, हे मला पटतं. पण तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्याला १५ लाख म्हणजे काय, हे कोणीही सांगू शकेल.

विधान भवनासमोरचं न्यायालय

पुण्यात कॅम्पात विधान भवनासमोर, नव्या प्रशासकीय इमारतीत, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ आहे. महाराष्ट्र, गुजरात, गोवा, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली यांची पर्यावरणाची प्रकरणं इथे येतात. गंमत नव्हे, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे: कच्छपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्याचं न्यायासन समुद्र नसलेल्या शहरात आहे. कोळीवाड्यातल्या माणसाला तारखेला यायचं तर पहाटेची एसटी धरून घाट चढावा लागतो आणि एक दिवसाची मासेमारी बुडते. सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्यामुळे या खंडपीठाचं काम मध्ये बराच काळ रखडलंही होतं.

तरी इथे काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण उरणचंच आहे. बंदर, भराव आणि प्रकल्पांमुळे भरतीचे मार्ग बंद झाले, तिवरं गेली, पिढ्यान् पिढ्यांची मासेमारी बुडाली, अशी तक्रार घेऊन उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा कोळीवाड्यांतले पारंपरिक मच्छीमार इथे आले. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी खंडपीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. भागून पाहा, घरटी ५ लाख ८४ हजार येतात. ही रक्कम जेएनपीटी (म्हणजे न्हावा-शेवा बंदर), ओएनजीसी आणि सिडको यांनी वाटून द्यायची होती. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपिलं गेली. हे प्रकरण तेलगळतीचं नव्हतं, तरी ते मला महत्त्वाचं वाटतं. तिन्ही प्रतिवादी सरकारीच. मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं दुसरं उत्तर इथे मिळतं: कधीकधी ज्याच्याकडे दाद मागायची आणि ज्याच्याविरुद्ध मागायची, ते दोन्ही सरकारच असतं.

रॅक कॅरियरचं प्रकरण न्यायाधिकरणाच्या दिल्लीतल्या मुख्य पीठाने ऐकलं. जहाजात ६० हजार टन कोळसा होता, आणि इंधनाच्या टाक्यांत २९० टन तेल आणि ५० टन डिझेल. ऑगस्ट २०१६ मध्ये, म्हणजे बुडाल्यानंतर पाच वर्षांनी, कतारच्या जहाज समूहाने १०० कोटी आणि कोळशाच्या मालकाने, म्हणजे अदानी एंटरप्रायझेसने, ५ कोटी द्यावेत असा आदेश झाला. माल बुडाला आणि तळाशी प्रदूषण झालं तर मालाच्या मालकालाही हात झटकता येणार नाहीत, हे त्यातून स्पष्ट झालं. अर्ज केला होता एका साध्या नागरिकाने. कायदा तशी मुभा देतो. मात्र मुदत आहे: भरपाईसाठी पाच वर्षं, बाकी वादांसाठी सहा महिने.

आणि पुरावा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो. विमा कंपनी असो, आंतरराष्ट्रीय निधी असो की न्यायाधिकरण, सगळे विचारतात: गळतीच्या आधी तुम्ही किती कमावत होता? कोळीवाड्यातला व्यवहार रोखीचा. लिलावात बोली लागते, टोपली उचलली जाते, पैसे हातात. पावती कुठून आणायची? ज्यांचं इंजिन आहे त्यांच्याकडे निदान होडीची नोंदणी, परवाना आणि सोसायटीत डिझेलच्या कोट्याची नोंदवही असते. किती दिवस होडी समुद्रात गेली, हे डिझेलच्या नोंदीवरून काढता येतं. फार चांगला पुरावा आहे तो, आणि तो आधीच लिहिलेला असतो. पण ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, कालवं, निवट्या गोळा करणाऱ्या बायकांचं काय? त्यांच्याकडे ना होडी ना परवाना. तेल सगळ्यात आधी येतं ते त्यांच्याच चिखलात, आणि यादीत नाव सगळ्यात शेवटी येतं, आलं तर. नियम त्यांच्याविरुद्ध नाहीत. आंतरराष्ट्रीय निधी पोटापुरती मासेमारी करणाऱ्यांचेही दावे तपासतो. त्यांची वही कोणी ठेवलेली नसते, इतकंच.

म्हणून किनाऱ्यावर ओळखीचं कोणी असेल तर त्यांना हे जरूर सांगा. रोज किती आणलं, किती विकलं, ते गटाच्या एका वहीत लिहायचं, तारखेसह. तेल दिसलं की लगेच फोटो, तेही आजूबाजूची खूण दिसेल असे. तेलाचा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत, प्लास्टिकच्या नाही, आणि भरताना दोन साक्षीदार. प्रत्येक तेलाची रासायनिक ठेवण वेगळी असते. प्रयोगशाळेत तो नमुना संशयित जहाजाच्या टाकीशी ताडून पाहता येतो. तेलवाहू जहाजाच्या प्रकरणात दाव्याची मुदत नुकसान झाल्यापासून तीन वर्षांची आहे, आणि ती वाटते त्यापेक्षा लवकर संपते.

खुर्ची कोणाला

आता लोकप्रतिनिधी. २० एप्रिल २०१० रोजी अमेरिकेजवळच्या मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या बीपीसाठी समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या फलाटावर स्फोट झाला, ११ कामगार गेले आणि ८७ दिवस तेल वाहत राहिलं. तिथल्या कायद्यात अशा नुकसानभरपाईची मर्यादा फक्त साडेसात कोटी डॉलर होती. जनतेचा राग इतका होता, की अध्यक्ष ओबामांनी बीपीकडून २० अब्ज डॉलरचा निधी कबूल करून घेतला. दुसऱ्याच दिवशी, तेलाच्या उद्योगावर जगणाऱ्या टेक्सासचे खासदार जो बार्टन यांनी संसदीय समितीच्या भर सुनावणीत बीपीच्या प्रमुखाचीच माफी मागितली. सरकारने कंपनीला लुबाडलं असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याच पक्षाने डोळे वटारल्यावर त्यांना ती मागे घ्यावी लागली. मतदारसंघात तेलाच्या नोकऱ्याही असतात आणि मच्छीमारही. प्रतिनिधी कोणाचं बोलेल, हे दोघांपैकी कोण जास्त संघटित आहे त्यावर ठरतं. मावळसारख्या मतदारसंघात तर कोळीवाड्यांची मतं पिंपरी-चिंचवडच्या लाखो मतांपुढे थोडीच आहेत. इथे आपण घाटावरच्यांनी त्यांचा विषय आपला म्हणून मांडला नाही, तर दिल्लीपर्यंत तो जाणार कसा?

बीपीच्या त्याच प्रकरणात दुसरी बाजूही दिसली. आखाताच्या पाच राज्यांच्या प्रतिनिधींनी पक्ष बाजूला ठेवून २०१२ मध्ये कायदा करून घेतला, की जलप्रदूषणाच्या दंडातली ८० टक्के रक्कम त्याच किनाऱ्यावर खर्च व्हावी. आपल्याकडे न्यायाधिकरणाने पर्यावरणाच्या हानीपोटी वसूल केलेली रक्कम केंद्राच्या पर्यावरण मदत निधीत जमा होते. ती ज्या खाडीची हानी झाली तिथेच परत यावी, असा आग्रह संसदेत धरता येण्यासारखा आहे.

आणखी एक गोष्ट त्या स्फोटाने उघडी पाडली. तेलाचं स्वामित्वशुल्क गोळा करणारं आणि फलाटांची तपासणी करणारं अमेरिकी खातं एकच होतं. एका हाताने पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने दंड करायचा. साहजिकच दुसरा हात ढिला पडला. ते खातं नंतर तोडून वेगळं केलं गेलं. आपल्याकडे समुद्रातल्या तेलकामाची सुरक्षा पाहणारं तेल उद्योग सुरक्षा संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, आणि ओएनजीसीही त्याच मंत्रालयाची. तिथल्या अधिकाऱ्यांच्या सचोटीबद्दल माझी शंका नाही. पण तपासणारा आणि ज्याला तपासायचं तो, दोघांचा साहेब एक असू नये, हे आपण सोसायटीच्या हिशेबतपासनिसालाही लागू करतो.

मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती अलास्काची तोड. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज फुटलं, १ कोटी १० लाख गॅलन तेल प्रिन्स विल्यम उपसागरात गेलं. ज्यूरीने १९९४ मध्ये कंपनीला ५ अब्ज डॉलरचा दंडात्मक भुर्दंड लावला. अपिलांवर अपिलं होऊन २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सुमारे ५० कोटींवर आणला. १९ वर्षांत वाट पाहणारे कित्येक मच्छीमार वारले. पण १९९० च्या कायद्याने एक वेगळीच गोष्ट केली: नागरिकांच्या प्रादेशिक सल्लागार परिषदा. त्यात किनाऱ्यावरची गावं, मच्छीमार, आदिवासी समाज यांचे प्रतिनिधी बसतात. खर्च तेल उद्योगाने द्यायचा, पण सूत्रं त्याच्या हाती नाहीत. ही परिषद कंपनीचा आपत्ती आराखडा वाचते, त्यावर लेखी हरकती घेते, सराव पाहायला आपली माणसं पाठवते, स्वतःचे शास्त्रज्ञ नेमते. गळती झाल्यावर भरपाई मागण्याआधी, गळती होण्यापूर्वीच तिथे माणूस बसलेला असतो.

आपल्या राष्ट्रीय आराखड्यात खाती आहेत, बंदरं आहेत, कंपन्या आहेत. तवंग सगळ्यात आधी ज्याला दिसतो त्या तांडेलाला निर्णयाच्या बैठकीत हक्काची खुर्ची नाही. उरणसाठी अशी परिषद करायला घटनादुरुस्ती लागत नाही. जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. कोळीवाड्यांच्या सोसायट्या, खाडीत उतरणाऱ्या बायकांचे गट, बंदर आणि ओएनजीसी यांची एक कायमची समिती ते बोलावू शकतात. खासदार त्यासाठी पत्र देऊ शकतात, लोकसभेत प्रश्न विचारू शकतात.

ती मुलगी आणि मी मिळून आमच्या खासदारांना असं एक पत्र लिहिलं आहे. त्यात तीन प्रश्न आहेत. उरणच्या प्रकल्पाचा आणि बंदराचा तेलगळती आराखडा मराठीत कुठे वाचायला मिळेल? गेल्या पाच वर्षांत झालेल्या सरावांत स्थानिक मच्छीमारांना किती वेळा बोलावलं? तिसरा तिने घातला, मला सुचला नव्हता: रात्री दोन वाजता नळ फुटला, तर मोरा कोळीवाड्यात पहिला फोन कोण करणार, आणि कोणाला?